गुपचूप येणाऱ्यांची फिल्म

आमच्या धंद्याची फिल्म काढू नये, हे माझं मत पहिल्या दिवसापासून होतं. पुढे त्याच फिल्मला मीच आवाज दिला. या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडलं ते सांगायला मला लाज वाटत नाही, पण चीड येते. आणि ती नेमकी कुणावर काढायची, हे इतक्या वर्षांनीही ठरत नाही.

धंदा असा होता. एखाद्याच्या ऑफिसात कुणी चोरून माईक लावलाय का, कॅमेरा दडवलाय का, टेलिफोनच्या तारेला काही जोडलंय का, हे शोधून द्यायचं. मी त्याआधी सरकारी वायरलेस खात्यात नोकरीला होतो. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास. हे मी ज्याला त्याला ऐकवतो असं बायको म्हणते. ऐकवतो. का ऐकवू नये?

बाजार खुला झाला, गुडगावात मोहरीच्या शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येक शेठला वाटायला लागलं की आपलं बोलणं दुसराच कुणीतरी ऐकतोय. निम्म्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. खात्यात असताना जे काम मी पगारावर करत होतो त्याला बाहेर मागणी आहे, हे मला एका पंजाबी गृहस्थाने सांगितलं. तो आमच्या खात्याला इंटरकॉम विकायला यायचा. मी नोकरी सोडली, त्याने दुकान सोडलं, आणि आम्ही भागीदार झालो. यंत्रं माझी, तोंड त्याचं. खुशीत असला की तो मला भाईसाब म्हणायचा आणि चिडला की मास्टरजी. मी विदर्भातला आहे हे त्याला पन्नास वेळा सांगूनसुद्धा तो लोकांना माझी ओळख ‘हमारे बंबई वाले इंजीनियर’ अशीच करून द्यायचा. मी बंबईत आयुष्यात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा परीक्षेला.

आमची काम करायची एक रीत होती, आणि सगळा धंदा त्या रीतीवर उभा होता. आम्ही पेस्ट कंट्रोलवाले म्हणून जायचो. निळ्या डांगऱ्या, तोंडाला फडकं, पाठीला फवारणीचा पंप. पंपात थोडं खरं औषध असायचं. दारातच चार फवारे मारले की त्या वासाने माणसं आपोआप खोलीबाहेर जायची. मग दार लावून पिशवीतून यंत्रं काढायची. माईक लावणारा माणूस बहुतेक वेळा त्याच ऑफिसातला असतो. आपल्याला शोधायला कुणी आलंय हे त्याला कळलं तर तो वस्तू काढून खिशात घालतो आणि आपण रिकाम्या भिंती तपासत बसतो. म्हणून आमच्याकडे पाटी नव्हती, कार्ड नव्हतं. एका शेठने दुसऱ्याच्या कानात सांगायचं आणि दुसऱ्याने आम्हाला फोन करायचा, एवढीच आमची जाहिरात.

माझ्या भागीदाराला हे सोसवत नव्हतं.

“गुडगाँव में जिसके पास दो कुर्सियाँ हैं ना भाईसाब, उसके पास भी कंपनी की फिल्म है,” तो म्हणाला. “सीडी लगाओ, म्यूज़िक चालू, साहब खुश. और हम? हम फोन के पास बैठे हैं, जैसे लड़की वाले बैठते हैं.”

“फिल्ममध्ये दाखवणार काय?” माझ्या हिंदीत मी विचारलं. “सापडलेली वस्तू दाखवता येत नाही. कुणाकडे सापडली ते सांगता येत नाही. कोणाकडे गेलो होतो, तेसुद्धा नाही.”

“काम का तरीका दिखाएँगे! क्लाइंट को सबसे बड़ा डर क्या है? कि स्टाफ को पता चल जाएगा. हम दिखाएँगे कि पता चलता ही नहीं. हम ऐसे आते हैं, ऐसे जाते हैं.”

“अरे, आपण कसे येतो तेच दाखवलं तर पुढच्या वेळी येणार कसे?”

“मास्टरजी,” म्हणजे तो चिडला होता, “हज़ारों पेस्ट कंट्रोल वाले घूम रहे हैं इस शहर में. कौन पहचानेगा? चेहरा दिखाएँगे ही नहीं. पीठ दिखाएँगे, पीठ!”

मी पंधरा दिवस नाही म्हणत राहिलो. पण खरं सांगायचं तर आतून मलाही हवं होतं. माझ्या कामाबद्दल मी गावाकडे कुणाला काही सांगू शकत नव्हतो. सख्ख्या भावाला वाटायचं, नोकरी सोडून हा दिल्लीत झुरळं मारतो. एक बारा मिनिटांची फिल्म, नीट काढलेली, माझं यंत्र त्यात व्यवस्थित दिसतंय. एवढं असावं असं मला वाटलं. म्हटलं, चला, काढू.

भागीदाराने जो फिल्मवाला पकडून आणला तो लग्नाच्या कॅसेटी काढणारा निघाला. दिल्लीच्या द्वारका भागात एका प्रॉपर्टी डीलरचं ऑफिस आम्ही एका रविवारसाठी मागून घेतलं होतं. फिल्मवाल्याने दिवा लावला, डोळ्याला कॅमेरा लावला आणि विचारलं, “एंट्री कितनी बार लेनी है जी?”

“एंट्री?”

“आप लोगों की. पहले गाड़ी से उतरेंगे, फिर गेट पे रुकेंगे, फिर अंदर.”

त्याने आम्हाला चार वेळा आत यायला लावलं. पाठीला पंप घेऊन मी नवरदेवासारखा दारात थांबलोय आणि तो मागून ओरडतोय, “धीरे धीरे! आराम से! मुस्कुराइए!” मी म्हटलं, बाबा रे, पाठीवर हसू कुठून आणू? पुढे तयार झालेली फिल्म दाखवताना तो मोठ्या मनाने म्हणाला की शहनाईचा ट्रॅक त्याने स्वतःहून काढून टाकलाय. एका ठिकाणी मात्र एक दृश्य जाऊन दुसरं येताना बदामाच्या आकारात उघडत होतं. छुपा माईक, बदामातून. तो मी काढायला लावला.

आता ऐका मी किती काळजी घेतली ते. तो फिल्म कापत-जोडत होता तेव्हा मी सगळी दुपार त्याच्या शेजारी बसलो. आमचं तोंड कुठे दिसतंय का, ते एकेक चित्र थांबवून बघितलं. काचेच्या दारात पडलेलं प्रतिबिंबसुद्धा पुसायला लावलं. गाडीचा नंबर पुसला. भागीदाराच्या बोटातली पुष्कराजची अंगठी दिसत होती, तेवढा तुकडा काढला. फिल्मवाला वैतागून म्हणाला, “भाईसाब, इतने नखरे तो लड़के की बुआ भी नहीं करती.” मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, तू फर्स्ट क्लास बी.एस्सी. माणसाबरोबर काम करतोयस, हे तुला कुठे माहीत.

मग आवाजाचा प्रश्न आला. फिल्मवाल्याचा एक ओळखीचा निवेदक होता. तो ‘दीवारों के भी कान होते हैं’ असं काहीतरी घोगऱ्या सुरात म्हणायचा आणि दर वाक्याला थांबायचा, जणू आता खून होणार. शिवाय ‘फ्रीक्वेन्सी’ त्याला म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, बाजूला हो, मी बोलतो.

“बोलो भाईसाब, बोलो!” भागीदार म्हणाला. “आपकी हिंदी में एक वज़न है.”

ते वजन म्हणजे काय, हे घरी आल्यावर बायकोने सांगितलं. तिने सीडी लावली, दोन मिनिटं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. ती केंद्र सरकारच्या ऑफिसात सेक्शन ऑफिसर. सहसा हसत नाही.

“अहो, हे कुणी सांगितलं तुम्हाला बोलायला?”

“का? काय झालं?”

“हिंदी पिक्चरमधला हवालदार वाटतोय. मराठी हवालदार.”

मुलगी तर दिल्लीतच वाढलेली, तिला माझी हिंदी तशीही ऐकवत नसे. शेवटचं वाक्य होतं, “आपकी बात, आपकी चार दीवारों में.” ते मी ‘चार’वर जोर देऊन, ठासून म्हटलं होतं. मुलगी दिवसभर घरात तेच म्हणत फिरत होती, माझ्याच ठेक्यात. “पप्पा, बिल्कुल तुमच्यासारखं येतं ना?” बिल्कुल येत होतं. त्यावरूनही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. तोंड पुसलं, अंगठी पुसली, गाडी पुसली; आणि ज्याचं पोट दुसऱ्याचे चोरटे कान शोधण्यावर चालतं, त्या माणसाला लोकांना कान असतात हे सुचलं नाही.

त्याच सुमारास नोएडाहून एका औषध कंपनीच्या मालकीणबाईंचा फोन आला. सलाइनच्या बाटल्या बनवायच्या, हॉस्पिटलांना पुरवायच्या. नवरा गेल्यावर बाईंनी स्वतः कारखाना सांभाळला होता. त्या म्हणाल्या, आमचे टेंडरचे दर दोनदा बाहेर फुटले. दर मी फोनवरच ठरवते, माझ्या केबिनमधून, आणि ते फक्त मला आणि आमच्या केमिस्टला माहीत असतात. दोन्ही वेळा समोरच्या कंपनीने आमच्यापेक्षा थोडेसेच कमी भरले. तिसरं टेंडर पुढच्या महिन्यात आहे.

“किसी पर शक?” मी विचारलं.

बाई म्हणाल्या, “बोर्ड पर जो बैठती है. लाइन तो वही मिलाती है ना.”

बोर्ड म्हणजे टेलिफोनचा बोर्ड. बाहेरचा प्रत्येक फोन ऑपरेटरकडे यायचा आणि ती तो आत जोडून द्यायची. ऐकणं तिला सगळ्यात सोपं, हे खरंच. मी वहीत नावांची यादी केली, तिच्यात पहिलं नाव त्या ऑपरेटरचं लिहिलं. तेव्हा मी तिला पाहिलंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही जागा बघायला गेलो. डांगऱ्या, पंप, फडकं. खरी तपासणी रविवारी, ऑफिस रिकामं असताना व्हायची होती. त्या दिवशी फक्त तारा कुठून कुठे गेल्यात ते बघायचं. ऑपरेटर बाई दाराजवळच एका लाकडी फळीच्या आडोशाला बसायच्या. पन्नाशीच्या, मेंदी लावलेले केस, अंगात हाताने विणलेला स्वेटर. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. मी फडक्याआडून एवढंच म्हटलं, “मॅडम, वो टेलिफोन की तारों वाला कमरा खोल देंगे? दवाई मारनी है.”

त्यांनी हेडफोन काढला. माझ्याकडे बघितलं. चेहरा असा उजळला, जणू माहेरचं कुणी भेटलं.

“अरे! आप तो सीडी वाले हैं!” आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या ठेक्यात, ‘चार’वर जोर देऊन, “आपकी बात, आपकी चार दीवारों में!”

हॉलमध्ये हशा पिकला. टाइपिंग करणारी मुलगी हसली, चहावाला हसला, अकाउंट्समधल्या तीन-चार जणांनी माना वर केल्या. मी पंप घेऊन उभा.

“कौन सी सीडी, बहनजी?” भागीदार म्हणाला. “हम तो कॉकरोच वाले हैं.”

“छोड़ो भाईसाब, मैं आवाज़ नहीं भूलती. सुबह से शाम आवाज़ ही सुनती हूँ.”

आम्ही इमानदारीत सगळ्या ऑफिसात औषध मारलं आणि बाहेर पडलो. गाडीत मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मागे फिरू, सगळ्यांना बाहेर काढू आणि तारा तपासू. भागीदार म्हणाला, मॅडमने रविवार सांगितलाय. दिवसाढवळ्या दंगा केला तर मॅडमचा भरवसा जाईल. “और किसी को क्या समझ आया होगा? हँसी मज़ाक था.” मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण नंतर आमच्या भांडणात मी नेहमी ‘मी तर तेव्हाच सांगितलं होतं’ असं म्हणत आलो. सांगितलं होतं. पण मग बसूनही राहिलो.

रविवारी घरात वेगळाच गोंधळ. पुण्याहून मेहुणा आला होता, आणि पुण्याहून कुणी आलं की त्याला लढाईच्या जागेवरचा काला अंब दाखवायला पानिपतला न्यावं लागतं, हा आमच्या घरचा नियम. गाडी मी घेऊन निघालो. बायको दारात म्हणाली, “जा. आम्ही बसने जातो. तुमच्या झुरळांना सांगा, आमच्याकडूनही नमस्कार.”

ऑफिसात मालकीणबाई एकट्याच होत्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. आम्ही सकाळपासून लागलो. केबिनमध्ये मी यंत्र हळूहळू फिरवत नेलं. हवेत कुठलाही सिग्नल नाही. टेलिफोन खोलले, स्विचबोर्ड खोलले, टेबल उलटं केलं. काही नाही. मग अकाउंट्सच्या मागच्या बोळात गेलो. तिथे भिंतीवर टेलिफोनच्या तारांची लोखंडी पेटी होती. तिची किल्ली शेजारीच खिळ्याला लटकलेली, कुणीही काढावी अशी. पेटी उघडली. मालकीणबाईंच्या लाइनच्या दोन तारा मी बॅटरीच्या उजेडात धरल्या. दोन्ही तारांवर चिमट्याने चावल्याच्या खुणा, आणि तेवढंच तांबं चकचकीत. बाकी सगळं काळवंडलेलं. पेटीच्या तळाला धुळीत काडेपेटीएवढा एक स्वच्छ चौकोन, आणि काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. बोट लावलं. गोंद अजून चिकट होता.

वस्तू इथेच होती. एक-दोन दिवसांपूर्वी कुणीतरी काढून नेली होती.

तिथून बाहेर येताना अकाउंट्सच्या कॉम्प्युटरशेजारी मला आमचं पाकीट दिसलं. वर भागीदाराच्या अक्षरात ‘गोपनीय’. ते एका बाजूने नीट फाडलेलं, वर आवक-जावकचा गोल शिक्का, क्रमांक, सही. सगळं कायदेशीर. कॉम्प्युटरचं तबक मी बटण दाबून बाहेर काढलं. आमची सीडी त्यातच होती. ऑफिसात येणारं प्रत्येक टपाल आवक-जावकवाला फोडतो, नोंदतो आणि मग ज्याचं त्याला देतो. ‘गोपनीय’ लिहिलं की आधी फोडतो. सरकारी खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं? पण पाकीट पाठवलं गेलंय हेच मला माहीत नव्हतं.

“तू मॅडमला सीडी पाठवलीस? काम करायच्या आधी?”

“सबको भेजी है. जिसका भी फोन आया था,” भागीदार म्हणाला, आणि सीडी तबकातून उचलून डांगरीच्या खिशात घातली.

“परत ठेव ती.”

“पागल हो? मॅडम देख लेगी.”

तेवढ्यात बाई आल्याच. “मिला?”

“मिला नहीं,” मी म्हटलं. “लेकिन था.”

मी त्यांना पेटी दाखवली. त्यांनी वाकून त्या चकचकीत तारा बघितल्या. मग त्यांचा आवाज एकदम थंड झाला. “शुक्रवार को बोर्ड वाली ने पूरे हॉल में चिल्ला के बताया कि आप कौन हैं. मुझे चपरासी ने बोला. उसी ने खबर की.” त्या पुढे म्हणाल्या, की नवऱ्याच्या वेळेपासूनची बाई आहे, म्हणून पोलीस नको, उद्या सकाळी दहाला बोलावून राजीनामा लिहून घेते. मग त्यांनी विचारलं, “ये सीडी क्या बोल रही थी वो?”

“पता नहीं जी,” भागीदार म्हणाला. “किसी और कंपनी की होगी.”

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बाईंनी रिपोर्ट उद्या सकाळी मागितला.

गाडीत आमचं जे भांडण झालं ते नोएडापासून मयूर विहारपर्यंत चाललं. भागीदाराचं म्हणणं, रिपोर्टमध्ये लिहायचं की जागा आता साफ आहे, खुणा सापडल्या, पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. सगळं खरं. कुणाला नोकरीवर ठेवायचं, कुणाला काढायचं, हा मॅडमचा घरचा मामला.

“अरे, जिला चोराला सावध करायचंय ती हॉलभर ओरडेल का? हळूच जाऊन सांगेल ना!”

“तो ये मॅडम को समझना है. हमको थोड़ी.”

“ती बाई तिथे माझ्या आवाजामुळे बोलली. आपल्या सीडीमुळे.”

“और वो सीडी किसने ज़िद करके अपनी आवाज़ में बनवाई?” तो म्हणाला. “मैं तो निवेदक लाया था, मास्टरजी!”

त्यावर मी जास्तच ओरडलो. मयूर विहारच्या सिग्नलला तो उतरला आणि रिक्षाने घरी गेला.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहायला बसलो. आमचे रिपोर्ट इंग्रजीत असायचे. इंग्रजी मी कॉलेजात डिक्शनरी पाठ करून शिकलोय. लिहिण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही. खुणा, तारा, गोंद, सगळं दोन पानांत बसलं. तिसऱ्या पानावर अडलो. पानिपतहून मंडळी परत आली, जेवणं झाली, मी तिथेच. बायकोने पाठीमागून वाचलं.

“यात सीडी कुठाय?”

“तेच लिहितोय.”

“तासाभरापासून?”

“तुला काय जातंय? हा रिपोर्ट दिला की त्या बाई आम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत. आणि त्या चार शेठना सांगतील.”

“सांगतील,” ती म्हणाली. “माझ्या ऑफिसात चुकीच्या नोंदीवर एका लिपिकाला घरी बसवलं होतं. नोंद ज्याने केली त्याला सगळ्यांनी सांगितलं, जाऊ दे, आता फाइल बंद झाली. तो अजून माझ्या समोर बसतो. डबा एकटाच खातो.” आणि ती आत निघून गेली. असं बोलून आत निघून जायची तिची सवय फार त्रासदायक आहे.

मी लिहिलं. फिल्म आम्ही काढली, पाकीट आमच्याकडून आलं, ते तुमच्या ऑफिसात उघडलं गेलं, शुक्रवारच्या आधीच आम्ही कोण हे तुमच्या माणसांना माहीत झालं होतं. वस्तू निघून जाण्याचं कारण आमचा निष्काळजीपणा. ऑपरेटरने आवाज ओळखला, एवढ्यावरून तिच्याविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही.

सोमवारी दहाच्या आत पोचलो. डांगरी नव्हती, शर्ट-पँट. ऑपरेटर बाईंनी मान वर करून बघितलं, ओळखलं, पण या वेळी हसल्या नाहीत. त्यांना दहाला आत यायचा निरोप मिळाला होता.

मालकीणबाईंनी तिन्ही पानं वाचली. तिसरं दोनदा. मग घंटी वाजवली आणि ऑपरेटरला आत बोलावलं.

“वो सीडी किस-किसने देखी?”

“सबने, मॅडम. खाने की छुट्टी में, अकाउंट्स में. दो दिन चली.”

“तुमने?”

“मैं बोर्ड छोड़ के कहाँ जाती हूँ? मैंने तो देखी ही नहीं. बस फट्टे के उस पार से सुनाई देती थी.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या कागदांकडे बघितलं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. बोर्डावर आयुष्य काढलेल्या माणसाला, समोरचा काय बोलत नाहीये, तेही ऐकू येत असावं. “मॅडम, आप मुझे निकालने वाली थीं?”

मालकीणबाई खिडकीकडे बघत होत्या.

“और आप?” ऑपरेटर बाईंनी मला विचारलं. “आपने भी मुझे चोर समझा?”

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, “लिस्ट में पहला नाम आपका था. मैंने ही लिखा था.”

“देखे बिना?”

“देखे बिना.”

मालकीणबाई तेव्हा म्हणाल्या की झालं ते झालं, तू कुठे जात नाहीस, बोर्डावर जा. आणि मला म्हणाल्या, आपलं काम संपलं, पुन्हा यायची गरज नाही. मी उठलो. पण ऑपरेटर बाई जागच्या हलल्या नाहीत.

“ये अंग्रेज़ी में क्या लिखा है, मुझे नहीं पता,” त्या म्हणाल्या. “मुझे हिंदी में लिख के दीजिए. शुक्रवार से चपरासी तक मुझसे पूछ रहा है कि मैंने किसको बताया. मैं सबको दिखाऊँगी.”

मी मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

हिंदी मी बोलतो. लिहिली कधीच नव्हती. लिपी तीच, पण प्रत्येक शब्दापाशी हात अडखळत होता. ऑपरेटर बाई खांद्याशी उभ्या राहून वाचत होत्या. मी लिहिलं, की सीडीमुळे गडबड झाली, ऑपरेटर महोदयांचा त्यात काही दोष नाही. त्यांनी बोट ठेवलं.

“किसकी सीडी?”

मी ‘हमारी’ लिहिलं.

“आवाज़ किसकी थी, वो भी लिखिए.”

तेही लिहिलं. खाली सही केली, सवयीने नावापुढे बी.एस्सी. लागलं. त्यांनी कागद घेतला, शाई वाळेपर्यंत हातात धरला, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. पेटीतली ती वस्तू कुणी लावली होती ते मला आजही माहीत नाही. बाहेर बोर्डावर दिवे लुकलुकत होते. बाई जाऊन बसल्या, हेडफोन लावला, आणि मी त्यांच्या समोरून दाराबाहेर पडेपर्यंत त्यांनी तीन फोन जोडले.